यमुनाबाईंची टपली

यमुनाबाई वैरागडे इंग्लंडात कॉव्हेंट्रीला मुलाकडे आल्या त्या सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर, पण थाट असा की गावाची तपासणीच करायला आल्या आहेत. नागपूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून रिटायर झालेली बाई. तिला कुठेही सोडा, समोरचा माणूस तिला विद्यार्थीच दिसायचा. बस उशिरा आली तर ड्रायव्हरला कारण विचारणार. नातीच्या शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा पिवळ्या कोटातला म्हातारा यांना लांबून बघूनच पाठ ताठ करायचा. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला अध्यक्षांचं भाषण लांबलं, तेव्हा बाकीच्या बायका मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसल्या होत्या. यमुनाबाईंनी पहिल्या रांगेतून सांगितलं की तुमचा मुद्दा मघाशीच संपला, आता बसा. अध्यक्ष बसले. त्यानंतर मंडळात यमुनाबाईंना खुर्ची नेहमी मागच्या रांगेत मिळत गेली, आणि तिथूनही त्यांचा आवाज व्यवस्थित पोचत गेला.

येण्याचं कारण सांगायला धाकटा नातू होता. मुलगा शार्दूल गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरवाला, सून तनिषा फायनान्समध्ये. तिची बाळंतपणाची रजा संपत आलेली, आणि सात महिन्यांच्या साकेतला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. तर आजी आली. पण खरं कारण होतं मायरा, पाच वर्षांची नात. नवरा गेल्यापासून यमुनाबाई नागपूरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर बातम्या देणाऱ्याशी भांडून दिवस काढत होत्या. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मायराचं नाक दिसायचं, नुसतं नाकच, कारण पोरगी फोन तोंडाला लावूनच बसायची. त्या नाकाशी बोलून झालं की मग यमुनाबाईंना जेवण जायचं. ही नात म्हणजे त्यांचा जीव होता. तसं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण प्रेम बोलून दाखवणाऱ्या माणसांवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

आल्या आणि पहिल्याच आठवड्यात मायराची शाळा बघून त्यांचं डोकं फिरलं. पाच वर्षांची पोरगी, आणि शाळेत करतात काय, तर बटाट्याचे ठसे. गृहपाठ नाही, पाढे नाहीत. वीसपर्यंत मोजलं की छातीवर चमकता तारा चिकटवून घरी. वीसपर्यंत तर आमच्या गल्लीतला कुल्फीवाला झोपेत मोजतो, असं त्या म्हणाल्या, आणि जेवणाच्या टेबलावर दुसरी शाळा सुरू झाली. शाळेतून आलं की दूध-बिस्कीट, मग आजीची शाळा. बे एके बेपासून. मायरा हुशार होती. पण पाच वर्षांचं पोर कितीही हुशार असलं तरी त्याला मधेच खिडकीबाहेरच्या खारीकडे बघावंसं वाटतं, आणि तिथे यायची टपली.

आता ही टपली काय चीज होती ते सांगायला हवं. साधी टपली म्हणजे तळहाताने डोक्यावर हलकी थाप. यमुनाबाईंची तशी नव्हे. मधलं बोट वाकवायचं, त्याचं पेर पुढे काढायचं आणि कानाच्या वर, जिथे केस दाट असतात तिथे, टक्‌ करून हाणायचं. सोबत एक वाक्य, "भुसा भरलाय का डोक्यात?" नागपूरच्या किती पिढ्या या पेराखालून गेल्या त्याची गणती नाही. आणि गंमत बघा, एकजणही तक्रार करत नाही. लंडनजवळ स्लाऊला राहणारा त्यांचा जुना विद्यार्थी संजय, आता मोठ्या कंपनीत डायरेक्टर, डोक्यावर औषधाला केस नाही, तो बाई आल्यात असं कळल्यावर खास पाया पडायला कॉव्हेंट्रीला आला. पाया पडून उठला आणि मंडळाच्या सगळ्या लोकांसमोर टक्कल पुढे करून म्हणाला, बाईंच्या टपल्यांनीच घडलो हो मी. लोक हसले, बाई चक्क लाजल्या. ज्याने बडवलं त्याच्या पाया पडायचं आणि ज्याने प्रेमाने शिकवलं त्याचं नाव विसरायचं, ही आपली जुनी खोड आहे, तिला काय करणार?

तेव्हा घरात त्या टपलीला मारणं म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शार्दूल तिच्यावरच वाढलेला. तनिषाला सुरुवातीला ते खटकलं होतं. तिने रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, अगं टपली आहे, मारतेय कुठे? मारणं म्हणजे पट्टी, छडी, कानाखाली आवाज. टपली म्हणजे आजीची शिकवण्याची पद्धत. तनिषालाही कामाचे मेल होते, तिने विषय सोडला. आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही, हे वाक्य ती सगळी माणसं देवाशपथ म्हणू शकत होती.

आणि आला तो मार्चमधला रविवार. दुपारची जेवणं झाली होती. शार्दूल रिकामी खोकी गाडीत भरून कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा डेपोवर, टाकायला गेला होता, तनिषा वर अंघोळीला. यमुनाबाई किचनमध्ये कढई घासत होत्या. डिशवॉशर म्हणजे भांड्यांना नुसती वाफ दाखवणारं यंत्र, असं त्यांचं मत. हॉलमध्ये साकेतला उशांच्या टेकूने गालिच्यावर बसवलं होतं आणि समोर मायराने शाळा भरवली होती. बे त्रिक किती, सांग, बे त्रिक किती, असं आत ऐकू येत होतं आणि यमुनाबाई कौतुकाने गालातल्या गालात हसत होत्या. मग काहीतरी आपटल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ साकेतने असा टाहो फोडला की यमुनाबाईंच्या हातातली कढई सिंकमध्ये पडली.

मायरा उभी होती. हातात लाकडी ठोकळा, मनोरे बांधायच्या खेळातला, चांगला वजनदार. साकेत उशांवर आडवा पडला होता. मायरा घाबरली नव्हती, जराशी वैतागली होती.

"आजी, त्याला येतच नाही," ती म्हणाली.

साकेतच्या कानाच्या वर बघता बघता टेंगूळ आलं, मऊ, आत पाणी भरल्यासारखं. तनिषा ओल्या केसांनी जिना उतरली. शार्दूल तेवढ्यात आलाच. मायराने ठोकळा दाखवला, काय झालं ते सांगितलंही, अगदी सरळ. बाळाने दूध ओकलं. मग कुणी विचार करत बसलं नाही, सगळे गाडीत बसले.

विचार सुरू झाला तो गाडीत, आणि तोच नडला. आपल्या लोकांत एक गोष्ट कायम फिरत असते, की कुणाच्या तरी ओळखीच्या कुणाचं तरी मूल सोशल सर्व्हिसेसने उचलून नेलं. ते मूल कुणी बघितलेलं नाही, पण त्याची भीती घरोघर पोचलेली आहे. सिग्नलला गाडी थांबली आणि शार्दूलला ती गोष्ट आठवली. मायराचं नाव घेतलं तर? मोठ्या बहिणीने भावाचं डोकं फोडलं, असं कुठेतरी कॉम्प्युटरवर चढलं तर ते पोरीच्या जन्माला चिकटणार. तनिषा म्हणाली, नाव घ्यायचंच नाही. यमुनाबाई म्हणाल्या, प्रश्नच नाही. बाळ पडलं म्हणून सांगायचं ठरलं, आणि मायराला बजावलं की तू काही बोलायचं नाहीस. कुठून पडलं, कसं पडलं, कुणाच्या हातून पडलं, हे ठरायच्या आत हॉस्पिटल आलं आणि पार्किंगला जागा शोधण्यात उरलीसुरली अक्कल खर्च झाली.

मुलांच्या ए अँड ईमध्ये, म्हणजे तातडीच्या विभागात, रविवारची तोबा गर्दी. भिंतीवर हसरे जिराफ आणि खाली रडकी पोरं. पण सात महिन्यांचं बाळ आणि डोक्याला सूज म्हटल्यावर यांना तडक आत घेतलं. शार्दूलला बरं वाटलं. खरं तर इथेच त्याने घाबरायला हवं होतं, कारण या देशात रांग सोडून आत घेतात ते काही लाड म्हणून नव्हे.

नर्स निघाली अक्षया. कॉव्हेंट्रीतच जन्मलेली, तिचे आजोबा साताऱ्याहून इथल्या कारखान्यात आलेले. वैरागडे नाव वाचून तिचा चेहरा फुलला. माझा मराठी थोडा वीक आहे आजी, असं ती म्हणाली. यमुनाबाईंनी सवयीने तिचं मराठी दुरुस्त केलं आणि मनातून त्या निर्धास्त झाल्या. आपली पोरगी आहे, सांभाळून घेईल.

आपली पोरगी हसतमुखाने आपलं काम करत होती. बाळाचं वजन घेता घेता तिने तनिषाला विचारलं, काय झालं. तनिषाने वाटेत मनाशी हिशेब केला होता की सासूबाईंवर काही आलं तर त्यांना परत व्हिसा मिळायचा नाही. तिने सांगितलं, कपडे बदलताना माझ्या हातून बेडवरून पडला. पलीकडच्या खोलीत डॉक्टरांनी शार्दूलला विचारलं. त्याने ठरवलं होतं की बायकोवरही नको आणि आईवरही नको, मी घेतो अंगावर. तो म्हणाला, कडेवर घेऊन जाताना दाराची चौकट लागली. यमुनाबाईंना तर कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी कॉरिडॉरमध्ये अक्षयाला स्वतः गाठून सांगितलं की बाळ माझ्याच हातून किचनच्या फरशीवर सटकलं, म्हातारे हात, काय करणार. आपण घरासाठी केवढं केलं म्हणून तिघांनाही आतून भरून आलं होतं. एका घरात इतकी थोर माणसं एकदम जमू नयेत, ती असा घात करतात.

स्कॅन झाला. कवटीला बारीक तडा गेला होता, पण आत रक्तस्राव नव्हता. जिवावरचं टळलं होतं. हे ऐकून तनिषा भिंतीला टेकून हमसून रडली. मग मोठे डॉक्टर आले, उंच स्कॉटिश गृहस्थ, आवाज इतका शांत की आपल्याकडे अशा माणसाला थंड म्हणतात. त्यांनी तिघांना एका छोट्या खोलीत बसवलं. टेबलावर टिश्यूचा डबा होता, तो बघूनच शार्दूलचं अवसान गळालं. डॉक्टरांनी सांगितलं की बाळ अजून रांगतही नाही, आणि आम्हाला तुमच्याकडून तीन वेगवेगळे अपघात ऐकायला मिळालेत. त्यातला एकही या जखमेला जुळत नाही. ही जखम कशाने तरी मारल्याची दिसते. साकेत वॉर्डात राहील, सोशल वर्कर येतील, मायरालाही तपासावं लागेल, आणि तोवर मुलांजवळ तुमच्यापैकी कुणीही एकटं थांबायचं नाही.

मारल्याची, हा शब्द ऐकून शार्दूल ताडकन उठला. आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही, तो म्हणाला. तनिषाही तेच म्हणाली. यमुनाबाईंनी पाठ्यपुस्तकातल्या इंग्रजीत सांगितलं की आमचं कुटुंब सुशिक्षित आहे आणि या खोलीत असं बोललेलं मला चालणार नाही. डॉक्टरांनी मान हलवली, पण या बोलण्याचा त्यांच्यावर काही परिणाम झालेला दिसला नाही. आणि पंचाईत अशी की एवढ्या खोट्यानाट्यानंतर घरात कुणी मारत नाही हे एक वाक्य मात्र तिघंही अगदी मनापासून बोलत होते.

मायराला खेळायच्या कोपऱ्यात नेलं होतं. यमुनाबाईंना थोडं लांब खुर्चीवर बसू दिलं, कारण आजी नजरेआड झाली की मायरा रडायला लागायची. टपल्या खाऊनही तिला आजीच लागायची. लहान पोरांचं तसंच असतं, त्यांच्याकडे बदलून घ्यायला दुसरी आजी नसते.

अक्षयाने काही विचारलं नाही. एक कापडी अस्वल दिलं आणि खोटा स्टेथोस्कोप दिला. मायराने स्टेथोस्कोप बाजूला टाकला, अस्वलाला भिंतीशी बसवलं आणि विचारलं, बे त्रिक किती? अस्वल गप्प. खिडकीत काय बघतोस, असं तिने विचारलं. अस्वल गप्पच. मग मायराने मधलं बोट वाकवलं, पेर पुढे काढलं, अस्वलाच्या कानाच्या वर हाणलं आणि म्हणाली, भुसा भरलाय का डोक्यात. आवाज आजीचा, हेल आजीचा, शेवटी ओठ मुडपायची लकबही आजीची. भुसा म्हणजे काय हे त्या पोरीच्या गावीही नसेल.

यमुनाबाई खुर्चीतून बघत होत्या. आयुष्यभर हजार पोरांनी त्यांच्या नकला केल्या असतील, पण पाठीमागे. समोर बसून ऐकायची ही पहिलीच वेळ होती, आणि ऐकायला फार वाईट वाटत होतं.

ही शाळा कोणी शिकवली, अक्षयाने विचारलं. आजी रियल टीचर आहे, मायरा अभिमानाने म्हणाली. आज बेबीची पण शाळा होती का? गप्प बसायचं बजावलेलं होतं, पण शाळेचा विषय निघाल्यावर कोण गप्प बसतं. हो, मायरा म्हणाली, पण माझा बोट छोटा आहे, त्याचा आवाजच येत नाही, सो मी ब्लॉक घेतला.

अक्षयाचा चेहरा जराही हलला नाही. तिने विचारलं, "आजी तुला पण असं करते?"

"हो. बट दॅट्स नॉट हिटिंग. ती टपली आहे."

"दुखतं?"

मायराने अस्वलाचा कान सरळ केला. "दुखतो. पण रडायचा नाही. रडला की अजून एक येतो."

मग अक्षयाने तिला विचारून तिचे केस बाजूला केले. उजव्या कानाच्या वर, क्लिपच्या मागे, बोटाला जाणवेल असं टेंगूळ होतं. त्याच्या कडेने पिवळी पडलेली जुनी खूण, शेजारी ताजी. अक्षयाने डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी तनिषाला. रोज सकाळी वेणी घालताना मायरा त्या बाजूला फणी लागू द्यायची नाही, आणि वेणीचा कंटाळा करतेस म्हणून तनिषा तिला रागवायची. आज तिने त्या जागेवर हलकेच बोट ठेवलं आणि मान वळवून सासूकडे बघितलं. लग्न झाल्यापासून सासूकडे असं बघायची तिची हिंमत झाली नव्हती.

"अहो आई," एवढंच ती म्हणाली.

शार्दूलचं डोकं अजून पळवाटाच शोधत होतं. त्याने आईला कॉरिडॉरच्या टोकाला नेलं, चॉकलेटांच्या मशीनपाशी. तू तोंड उघडू नकोस, तो म्हणाला. मायरा लहान आहे, शाळेत कुणाचं तरी बघून शिकली म्हणून सांगू. तू कबूल केलंस तर तुला घरात राहू देणार नाहीत, मायराजवळ फिरकू देणार नाहीत, परत येता येईल की नाही देव जाणे. गप्प राहिलीस तर जे यायचं ते माझ्यावर आणि तनिषावर येईल, आम्ही निस्तरू. आणि शेवटी तो चिडून म्हणाला, "मी पण तेच खाऊन मोठा झालो ना? काय झालं मला?" असं म्हणताना त्याचा हात आपोआप उजव्या कानाच्या वर गेला होता आणि तिथे चोळत होता. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. यमुनाबाई मात्र त्या हाताकडेच बघत राहिल्या.

खरं सांगायचं तर त्यांना आधी राग आला. त्या आपल्या म्हणवणाऱ्या नर्सचा, त्या थंड डॉक्टरचा, टपली कळत नसलेल्या या सगळ्या देशाचा. गप्प बसणं फार सोपं होतं. मुलगाच सांगत होता, आणि गप्प बसलं तर मायरा राहणार होती, संध्याकाळची शाळा राहणार होती. बोललं तर पुन्हा नागपूर, पुन्हा टीव्हीवरचा तो बातम्यावाला. मायरा सुटली तर आपलं काय उरतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण मुलगा आणि सून आपल्यावरचं ओझं घेऊन पोरांसकट गोत्यात येणार, आणि मायरा उद्या आणखी मोठा ठोकळा शोधणार, हेही त्यांना दिसत होतं. शार्दूल मागून हाका मारत राहिला आणि त्या परत खेळाच्या कोपऱ्यापाशी आल्या.

"लिहून घे, मुली," त्या अक्षयाला म्हणाल्या. "बाळ कुणाच्याही हातून पडलं नाही. मायराने ठोकळा मारला, आणि मारायला तिला मी शिकवलं. मी मारते तिला. डोक्यात."

टपली म्हणता ना तुम्ही त्याला, अक्षयाने हळूच विचारलं.

"मारते असंच लिही."

पुढे जे व्हायचं ते झालं. सोशल वर्कर बाई आल्या, पोलिसांकडून एक बाई येऊन बोलून गेल्या. कुणी कुणाला उचलून नेलं नाही. आपल्या लोकांच्या गोष्टीतला राक्षस म्हणजे निळ्या स्वेटरातली, सर्दी झालेली एक दमलेली बाई निघाली. तिने शार्दूल आणि तनिषाला खोटं बोलल्याबद्दल सभ्य शब्दांत असं झाडलं की दोघांनी मान वर केली नाही. यमुनाबाईंनी तूर्त त्या घरात राहायचं नाही, आणि मुलांना भेटायचं ते दुसरं मोठं माणूस समोर असतानाच, असं ठरलं. राहायला कुठे जायचं? मंडळाच्या सुमनताईंनी खोली दिली. या सुमनताई म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी. त्या घरात अध्यक्ष जेवताना कितीही वेळ बोलले तरी यमुनाबाई मुकाट्याने ऐकून घेऊ लागल्या, हा कॉव्हेंट्रीच्या इतिहासातला एक चमत्कारच म्हणायचा.

मंडळात अर्थातच दोन तट पडले. टपलीसाठी एवढं, असं म्हणणारे पुष्कळ होते आणि ते फार जोरात म्हणत होते. स्लाऊहून संजयचा फोन आला. बाई, मी येऊन सांगतो त्यांना, तुमच्या टपल्यांनी मी कसा घडलो ते, हवं तर लिहून देतो. यमुनाबाईंनी त्याला बोलू दिलं आणि मग विचारलं, दुखायचं का रे? तो म्हणाला, हो बाई. आणि मग दोघंही हवापाण्याचं बोलले.

साकेत घरी आल्यानंतरच्या शनिवारी यमुनाबाईंना भेटीला बोलावलं. तनिषा समोरच्या खुर्चीत बसून राहिली. ती अजून सासूशी कामापुरतंच बोलत होती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. मायरा मात्र दारातच आजीला बिलगली, हाताला धरून तिला सोफ्यावर नेलं आणि शेजारी बसून बिस्कीट खात खात आठवडाभराचं सगळं सांगायला लागली. शाळेत सशाची पिल्लं आणली होती, त्यातलं एक मिसच्या कोटात शिरलं, सगळे कसे हसले. बोलता बोलता तिचा हेअरबँड घसरून डोळ्यावर आला. यमुनाबाईंनी तो नीट करायला हात उचलला.

मायराने वाक्य अर्धं सोडलं. डोळे मिटले, मान खांद्यांत घेतली आणि डोकं थोडं तिरकं करून उजवी बाजू आजीकडे केली. रडली नाही, दचकली नाही, लांब सरकली नाही. नुसती थांबली. ही बसण्याची रीत यमुनाबाईंच्या चांगली ओळखीची होती. वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोरं अशी बसायची, आणि त्याला त्या वळण म्हणत आल्या होत्या.

त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. तनिषा बघत होती.

मायराने थोडा वेळ वाट पाहिली. मग एक डोळा किलकिला करून बघितलं, काही येत नाही अशी खात्री करून घेतली, आणि सशाचं पिल्लू कोटाच्या कुठल्या खिशात शिरलं ते सांगायला लागली.